दोन मिलिमीटरची फट

‘कॅन्सरला चाकू लागला की तो पसरतो’ हे ऐकवणारे कोणीतरी प्रत्येक रुग्णाच्या घरी येऊन जातेच. मणक्यापर्यंत पोहोचलेला कॅन्सर मात्र बहुधा कोणत्याही चाकूची वाट न पाहता, रक्तावाटे, स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटमधून तिथे आलेला असतो. तो हाड पोखरतो आणि गाठ मज्जारज्जूवर दाबली गेली की पायांतली ताकद जाऊ लागते.

अशा १०१ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकत होते. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते. पण त्या काळच्या शस्त्रक्रियेत पाठीवर लांब छेद घेऊन स्नायू हाडापासून सोडवावे लागत आणि जखम भरेपर्यंत किरणोपचार लांबत, कारण जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही किरण दुखावतात.

आजचे नेमके किरणोपचार गाठीला मोठी मात्रा देतात, पण गाठीच्या कडेला ही मात्रा भिंतीसारखी एकदम थांबत नाही, ती उतारासारखी कमी होत जाते. गाठ मज्जारज्जूला चिकटलेली असेल, तर त्या उताराला जागाच उरत नाही: पूर्ण मात्रा दिली तर मज्जारज्जू भाजतो, कमी दिली तर गाठीची तीच कड जिवंत राहते. म्हणून शल्यचिकित्सक गाठ मज्जारज्जूभोवतीच कोरून दोन-तीन मिलिमीटरची फट तयार करतात आणि उरलेली गाठ जाणूनबुजून किरणांसाठी सोडतात. ‘गाठ पूर्ण काढलीच नाही’ म्हणून नातेवाईक घाबरतात ते इथेच.

ही फट दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून, स्नायू न कापता नुसते बाजूला सारून करता येते. खिळखिळ्या मणक्याला आधार देणारे स्क्रूही क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, बोटाच्या पेराएवढ्या छेदांतून बसवतात; हाड फारच ठिसूळ असेल तर पोकळ स्क्रूमधून हाडाचे सिमेंट सोडतात, ते काही मिनिटांतच घट्ट होते. जाहिरातीतल्या ‘बिनटाक्याच्या लेझर’शी याचा संबंध नाही. इथे टाके पडतात, फक्त थोडे, आणि जखम लहान असल्याने किरणोपचार लवकर सुरू होऊ शकतात.

मूत्रपिंडातून किंवा थायरॉइडमधून आलेल्या गाठी रक्ताने गच्च भरलेल्या असतात. अशा वेळी त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या शस्त्रक्रियेआधी बंद करून घ्याव्या लागतात, नाहीतर त्या अरुंद नळीतून रक्तस्राव आवरणे अवघड होते.