भूऔष्णिक कार्यकारी प्रवाही

कमी पारगम्यतेच्या (ज्यातून द्रव सहज झिरपत नाही अशा) तप्त खडकात भेगा पाडून वा मुळच्या भेगा रुंदावून, एका विहिरीतून आत सोडला जाणारा व दुसरीतून तापून वर येणारा उष्णतावाहक पदार्थ. रूढ पर्याय पाण्याचा. न्यू मेक्सिकोतील फेंटन हिल येथे १९७० च्या दशकात झालेल्या आद्य प्रयोगांत तेच वापरले गेले. जमिनीवरील दुय्यम चक्रातील (वर आलेल्या उष्णतेवर टर्बाइन फिरवणाऱ्या वेगळ्या बंदिस्त चक्रातील) आयसोब्यूटेन, आयसोपेंटेन इ. द्रव्ये खडकात उतरत नाहीत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

कार्बन डाय-ऑक्साइड वापरण्याची कल्पना सामान्यतः संशोधक डोनाल्ड ब्राउन यांच्या सु. २००० मधील मांडणीपासून धरतात. ३१° से. व ७४ बार या क्रांतिक बिंदूपलीकडे (जेथे द्रव व वायू हा भेद उरत नाही) त्याची घनता द्रवासारखी, तर श्यानता (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) वायूच्या जवळची असते. तापल्यावर तो पाण्यापेक्षा पुष्कळच अधिक प्रसरण पावतो; त्यामुळे दोन विहिरींतील स्तंभांच्या वजनातील फरकावरच अभिसरण बरेचसे चालते व पंपाची वीज वाचते. विशिष्ट उष्मा (तेवढ्याच वस्तुमानात मावणारी उष्णता) मात्र पाण्याहून कमी. संशोधक कार्स्टेन प्रूस यांच्या संगणकीय प्रतिकृतीत (२००६) २००° से. तापमानाच्या खडकातून, सारख्या दाबफरकाखाली, कार्बन डाय-ऑक्साइडने पाण्यापेक्षा उष्णता सु. ५०% अधिक वेगाने निघाली. हा आकडा सर्रास उद्धृत होतो. पण खडक व प्रवाही यांच्यातील रासायनिक विक्रिया त्या गणितात धरलेल्या नव्हत्या.

नाशिक परिसराच्या बाबतीत नेमका हाच मुद्दा निर्णायक ठरावा. येथील दख्खनी बेसॉल्ट सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पांडवलेणी परिसरातील खाणींच्या दगडात पोकळ्यांच्या आतून हिरवट अपोफिलाइट, पांढरा स्टिल्बाइट, सुयांसारखा स्कोलेसाइट ही खनिजे चिकटलेली दिसतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याचे उत्तम नमुने आहेत. गरम पाण्याने खडकातील वाटा स्वतःच बुजवल्याचा हा पुरावा होय. कोरडा कार्बन डाय-ऑक्साइड सिलिका फारशी विरघळवत नाही, हे खरे; परंतु तप्त भागाच्या कडेला, जेथे खडकात पाणी उरलेले असते त्या ओलसर पट्ट्यात कार्बॉनिक अम्ल तयार होते, ते बेसॉल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह सोडवते आणि कार्बोनेटे साचतात. आइसलँडमधील कार्बफिक्स या कार्बन डाय-ऑक्साइड बेसॉल्टमध्ये साठवण्याच्या प्रयोगात पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी बहुतांश दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला. तेथील खडक तुलनेने थंड होता, त्यामुळे तो निष्कर्ष तप्त खडकाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी बेसॉल्टपुरते पाणीच अधिक भरवशाचे वाटते.

कोयना परिसरातील खोल वेधनात सु. ९३० मी. बेसॉल्टखाली ग्रॅनाइट-नाइस (ग्रॅनाइट व त्यासारखा पट्टेदार रूपांतरित खडक) आढळले. अशा आधारशिलेत (बेसॉल्टच्या तळाच्या जुन्या खडकात) कार्बोनेट बनवणारी मूलद्रव्ये कमी असल्याने तेथे कार्बन डाय-ऑक्साइडची बाजू सरस ठरू शकते.

खडकात मुरून गेलेले पाणी हा निव्वळ तोटा. मुरलेला कार्बन डाय-ऑक्साइड मात्र साठवण म्हणून जमेस धरता येतो. एकलहरे औष्णिक केंद्रासारखा स्रोत जवळ असला, तरी कोळशाच्या धुरात मुख्यतः नायट्रोजन असतो. त्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइड आधी धुरातून वेगळा काढावा लागतो व त्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते.