नाव देण्याआधी हे वाचा : आमचा प्रायोगिक नाट्यवर्ग कोणासाठी आहे?

(फोंडा. वय १७ ते २५. १० आठवडे, शनिवार-रविवार.)

चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "नाटक कोणतं बसवणार, आणि आमच्या मुलाला भूमिका काय?" नाटक आधी ठरलेले नसते आणि भूमिका वाटल्या जात नाहीत, हे त्याचे सरळ उत्तर. ४ तासांची २० सत्रे होतात. त्यांत १४ जण मिळून ३० ते ३५ मिनिटांचा एक प्रयोग घडवतात. संहिता सातव्या आठवड्याच्या सुमारास कागदावर येते, तीही झालेल्या कामातूनच. पाठांतराची वही पहिल्या दिवसापासून हातात हवी असेल, तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही.

'प्रायोगिक' म्हणजे काळे कपडे घालून अंधारात ओरडणे, अशीही एक समजूत आहे. ग्रोतोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाने १९५९ पासून पोलंडमध्ये जे काम केले, त्याचा गाभा साधा होता : नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशाची चमत्कृती एकेक काढून टाकत जायचे आणि नट व प्रेक्षक यांच्यात काय उरते ते पाहायचे. आपल्याकडे बंगाली नाटककार-दिग्दर्शक बादल सरकारांनी नाटक रंगमंचावरून खाली उतरवून अंगणात, मैदानात आणले. आमचे बरेचसे सराव याच वाटेने आलेले आहेत.

"दोन आठवडे नुसते चालायला लावतात" ही पालकांची तक्रार खरी आहे, पण त्या चालण्यात काय चालते ते समजून घ्या. १४ जण हॉलभर चालतात. कोणी टाळी वाजवत नाही, कोणी 'थांबा' म्हणत नाही, तरी सगळ्यांनी एकाच क्षणी थांबायचे असते आणि एकाच क्षणी पुन्हा निघायचे असते. सुरुवातीला एक जण थांबतो आणि बाकीचे त्याला पाहून तीन-चार पावलांनी थांबतात. कोपऱ्यात गर्दी होते, मधली जागा ओस पडते. मग वेगाला आकडे देतो. १ म्हणजे जेमतेम हलणे, १० म्हणजे धावण्याच्या बेतात. तिसऱ्या-चौथ्या सत्रात कधीतरी १४ पावले एकदम थांबतात. तो आवाज, खरे तर आवाजाचे बंद होणे, मुलांना स्वतःलाच ऐकू येते. पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहते, म्हणून हा भाग आम्ही आटोपता घेत नाही.

गावच्या नाटकांत काम केलेल्या मुलांची एक सवय इथे हमखास दिसते. टांगलेल्या माइकखाली जाऊन बोलण्याची पायांना इतकी सवय असते की वाक्य आले की ते आपोआप पुढे सरकतात आणि तोंड समोर वळते. एक कान प्रॉम्प्टरकडे असतो. यात कमीपणा नाही. खणखणीत आवाज आणि रात्रभर जागून काम करायची ताकद त्याच रंगमंचाने दिलेली असते. दशावतारात काम केलेले तर लवकर रुळतात, कारण लिहिलेले संवाद नसताना बोलणे त्यांना नवे नसते. ज्यांना फक्त पाठ केलेल्या वाक्यांचाच आधार आहे, त्यांना पहिले सहा-सात दिवस जड जातात.

आता आमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक : वर्गाला नाव द्यायचे आणि त्याच महिन्यांत जत्रेच्या किंवा स्पर्धेच्या नाटकातही भूमिका घ्यायची. दोन्ही डगरींवर हात. "एक-दोन रविवार चुकले तर काय होतं?" असे विचारले जाते. लिहिलेल्या नाटकात खरेच फारसे होत नाही. गैरहजर पात्राची वाक्ये दुसरा कोणी वाचतो आणि तालीम पुढे जाते. इथे तसे जमत नाही. पाचव्या आठवड्यापासून प्रत्येकाची ८ ते १२ हालचालींची साखळी बांधलेली असते आणि ती दुसऱ्याच्या साखळीत अडकलेली असते. ज्याच्या खांद्यावर तुम्ही भार टाकता तो आलाच नाही, तर तुमची चौथी हालचाल होत नाही, मग पाचवीही नाही. १४ ही संख्या आम्ही सात जोड्यांसाठी ठेवली आहे. एक न आला की त्याचा जोडीदार बसून राहतो, आणि पुढच्या सत्रात त्या एकासाठी तासभर मागे जावे लागते. तो तास सगळ्या वर्गाचा जातो.

शिवाय रात्री बारापर्यंत गावात तालीम करून सकाळी नऊला आलेल्याचा आवाज बसलेला असतो. तिकडचे दिग्दर्शक "हात मोठा कर" म्हणतात, आम्ही "कमी कर" म्हणतो. नवख्या नटाची यात दोन्हीकडे ओढाताण होते. आम्ही त्या नाटकांच्या विरुद्ध नाही. फक्त एका वेळी एकच करा.

म्हणून पैसे भरण्याआधी कॅलेंडर पुढ्यात घ्या. गावची जत्रा, कला अकादमीच्या स्पर्धेच्या तालमी, परीक्षा, घरातले लग्न, सगळे खुणेने मांडा. दोन सत्रे सुटणार असतील तर चालते. ती लागोपाठ नसावीत आणि सहाव्या आठवड्यानंतरची नसावीत. तीन सुटणार हे आधीच दिसत असेल तर पुढच्या बॅचला या, भरलेली फी पूर्ण पुढे धरली जाईल. आमची मोठी बॅच जूनच्या पहिल्या शनिवारी सुरू होते ती याच हिशेबाने : पावसात जत्रांची नाटके नसतात, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी प्रयोग होऊन वर्ग संपतो.

मालिकांच्या ऑडिशनची तयारी हवी असेल तर कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचा वर्ग शोधा. काही वर्षांचे रीतसर शिक्षण हवे असेल तर पणजीला कला अकादमीचे नाट्यविद्यालय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. तिथे पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. आमचा प्रयोग त्यात एक नाटक म्हणून धरला जाईल, असे आम्ही कोणाला सांगत नाही. तिथल्या निवडीला जाण्याआधी अंग मोकळे व्हावे म्हणून आमच्याकडे येणारे असतात, तो उपयोग मात्र नक्की होतो.

फी ९,००० रुपये, दोन हप्त्यांत. दुसऱ्या सत्रानंतर परत मिळत नाही. हे काहींना कडक वाटते, पण तुमची जागा मधेच दुसऱ्याला देता येत नाही. २० पैकी १६ सत्रे भरली तरच प्रमाणपत्र. सत्र चालू असताना पालकांना आत बसू देत नाही, कारण घरचे समोर असले की मूल त्यांच्यासाठी अभिनय करू लागते. त्याऐवजी पाचव्या आणि दहाव्या आठवड्यात सगळ्यांना बोलावतो. सरावात एकमेकांच्या खांद्याला, पाठीला, तळहाताला स्पर्श होतो. ज्याला नको असेल त्याने नको म्हणावे, त्याला दुसरा सराव देतो, कारण विचारत नाही.

ठरत नसेल तर आधी एक चाचणी सत्र करा. ३०० रुपये, प्रवेश घेतल्यास फीतून वजा. सैल पँट घाला, जीन्स नको. चेन, अंगठ्या, बांगड्या घरी ठेवा, नखे कापून या. जेवण दोन तास आधी झालेले असावे. गुडघा, पाठ किंवा दम्याचा त्रास असेल तर आल्याआल्या सांगा, जमिनीवरचे काम त्याप्रमाणे बदलून देतो. पाठ केलेले स्वगत आणू नका, ते ऐकले जाणार नाही. घरून पुसायला एक टॉवेल मात्र आणा. पावसाळ्यात फरशीला घाम फुटतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय घसरतो.