सिप्रोच्या कागदावरची एकेक ओळ

सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाचं, नाव पूर्ण कुणी घेत नाही. 'सिप्रो' म्हटलं की मेडिकलवाला गोळी काढून देतो. जुलाब, लघवीची जळजळ, कधीकाळी टायफॉइड. गेली तीसेक वर्षं ही गोळी आपल्या घरांत ये-जा करते आहे. तिच्याबरोबरच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत सूचनांची रांग असते. ती कुणी वाचत नाही, आणि त्या सूचना कुठून आल्या हे कुणी सांगतही नाही. सांगायला हवं. औषध बाजारात आलं त्या दिवशी यातल्या सर्वांत गंभीर सूचना लिहिलेल्याच नव्हत्या. आधी लोकांना त्रास झाला, मग त्या ओळी आल्या.

सिप्रो ज्या औषधांच्या घराण्यातली, म्हणजे गटातली, त्याची सुरुवात मलेरियाच्या औषधातून झाली. क्लोरोक्विन बनवताना एक जोडपदार्थ निघत असे. त्यावर काम करून अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक ॲसिड पुढे आणलं. ते लघवीच्या संसर्गापुरतंच उपयोगी होतं. पुढे जपानमध्ये त्या रेणूला फ्लोरिनचा अणू जोडला गेला आणि नॉरफ्लॉक्सासिन तयार झालं. त्यानंतर जर्मनीतल्या बायर कंपनीने सिप्रोफ्लॉक्सासिन बनवलं, आणि १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. जंतू आपला डीएनए उलगडायला जे एन्झाइम वापरतो, त्यालाच हे औषध अडवतं. तोंडाने घेण्याच्या गोळीत इतकी ताकद तेव्हा नवलाची होती.

आपल्याकडे ती अगदी वेळेवर आली. १९९०च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉलसह जुन्या औषधांना न जुमानणारा टायफॉइड देशभर पसरला होता. सिप्रोने तो आटोक्यात आणला आणि तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. मग ती कशालाही दिली जाऊ लागली. सर्दीतापाला, साध्या जुलाबालाही, जिथे बहुतेक वेळा जलसंजीवनी पुरते. काही वर्षांतच टायफॉइडचे जंतू तिलाही सरावले. आज भारतात टायफॉइडसाठी डॉक्टर सहसा दुसरी औषधं निवडतात.

आता सूचनांकडे येऊ. लहान मुलं आणि गरोदर बायांबद्दलची खबरदारी सर्वांत जुनी. १९७०च्या दशकात कोवळ्या वयाच्या कुत्र्यांना या गटातलं औषध दिल्यावर त्यांच्या सांध्यांच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ थराला, इजा झालेली दिसली होती. म्हणूनच मुलांना ही गोळी सरसकट देत नाहीत. खास कारण असेल तरच डॉक्टर देतात.

टाचेमागच्या जाड कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, गोष्ट मात्र माणसांवरून कळली. १९८३ मध्ये न्यूझीलंडमधून नॉरफ्लॉक्सासिन घेणाऱ्यांच्या कंडरेला सूज आल्याची नोंद झाली. नंतर इतर देशांतूनही नोंदी येत राहिल्या. काहींची कंडरा तर चालता चालता तुटली. तरीही अमेरिकेच्या औषध नियामकाने काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापायला लावला तो २००८ मध्ये. पंचवीस वर्षं! साठीपुढचे लोक आणि स्टेरॉइड घेणारे यांना हा धोका जास्त. मला हा उशीर फार खटकतो, कारण दुखणारी टाच आणि चार दिवसांपूर्वीची गोळी यांचा संबंध रुग्णाने आपणहून जोडणं जवळजवळ अशक्य असतं. टाच दुखू लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

पुढचे इशारे भराभर आले. २०११ मध्ये मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार बळावण्याचा, २०१३ मध्ये हातापायांच्या नसांना होणाऱ्या इजेचा, २०१८ मध्ये रक्तातली साखर एकदम उतरण्याचा आणि महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटण्याचा. दरम्यान २०१६ मध्ये अमेरिकी नियामकाने स्पष्ट सांगितलं, की सायनसचा किंवा लघवीचा साधा संसर्ग असेल आणि दुसरं औषध चालत असेल, तर हा गट वापरू नये. याच घराण्यातल्या गॅटिफ्लॉक्सासिनने साखर इतकी वरखाली होत असे, की भारत सरकारने मार्च २०११ मध्ये त्याच्या गोळ्या-इंजेक्शनांवर बंदी घातली.

दूध-दह्याची सूचना ऐकायला आजीबाईच्या सल्ल्यासारखी वाटते, पण तिच्यामागे साधं रसायन आहे. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे धातू पोटात औषधाला धरून बसतात आणि ते रक्तात पुरेसं उतरतच नाही. त्यामुळे गोळी नुसत्या दुधाबरोबर घेऊ नये. ॲसिडिटीचं पातळ औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर सिप्रो घ्यावी. पाणी मात्र भरपूर प्यावं. पाठदुखीवर सर्रास मिळणाऱ्या टिझानिडिनबरोबर तर ती कधीच घेऊ नये. सिप्रोमुळे टिझानिडिन शरीरात साचतं आणि रक्तदाब धोकादायक उतरतो. दम्याच्या थिओफिलिनबाबतही डॉक्टरांना आधी सांगावं लागतं.

भारतात आणखी एक गोष्ट जिवाशी येते. या गटाची औषधं क्षयाच्या जंतूंना अर्धवट दाबतात. खोकल्याला तात्पुरता आराम पडतो आणि क्षयाचं निदान लांबतं. आणि याच गटातली लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही दोन औषधं साध्या उपचारांना न जुमानणाऱ्या क्षयावर डॉक्टरांच्या हाती हवी असतात. ती दोन्ही २०१४ पासून चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी 'एच १' यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. सिप्रो त्याहून सैल अशा 'एच' यादीत आहे. चिठ्ठी तिलाही लागते, वही नाही.

सिप्रो फक्त गोळीतूनच बाहेर पडते असंही नाही. २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पटानचेरूमध्ये औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून जिथे सोडलं जातं, तिथलं पाणी तपासलं गेलं. त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही इतकं नसतं.

आणि तो घडीचा कागद? तो खोक्याबरोबर दुकानातच राहतो. आपल्या हाती येतात कात्रीने कापलेल्या पट्टीतल्या चार गोळ्या. अँटिबायोटिकच्या पट्टीवरची लाल रेघ आणि चिठ्ठीशिवाय विकू नये हा इशारा बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावर असतो. तो तुकडा मागून घ्या, आणि आपण आधीपासून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगा. ॲसिडिटीच्या औषधाचंही.