पनेला: पनीर की गूळ?

मधुमेहाच्या पथ्यात पनेला चालतं का, असं मेक्सिकोतल्या बाईला विचारलं तर ती म्हणेल, चालतं की. कोलंबियातल्या बाईला विचारलं तर ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहील. दोघींची भाषा स्पॅनिश, शब्दाची अक्षरंही तीच. पण मेक्सिकोत पनेला म्हणजे टोपलीत निथळवलेलं पांढरं, ताजं, मऊसर चीज, आपल्या पनीरच्या जवळपासचं. कोलंबियात पनेला म्हणजे उसाचा रस आटवून पाडलेली ढेप, चक्क गूळ. हाच गूळ मेक्सिकोत पिलोनसियो, पेरूत चांकाका आणि व्हेनेझुएलात पापेलोन होतो.

इंग्रजीत आणताना त्याचं ब्राऊन शुगर करून टाकायची सवय जुनी आहे. ती चूकच. बाजारातली ब्राऊन शुगर म्हणजे बहुतेक वेळा शुद्ध केलेल्या साखरेला पुन्हा काकवी चोळलेली असते. तांत्रिक इंग्रजीत अचूक नाव आहे, ‘नॉन-सेंट्रिफ्यूगल केन शुगर’. त्या नावाखाली आपला गूळ आणि त्यांचा पनेला एकाच रकान्यात बसतात; उत्पादनात भारत पहिला, कोलंबिया दुसरा. पण रुग्णाच्या हातात द्यायच्या पत्रकावर हे नाव छापणार कोण?

या गोंधळाचं मूळ पाचशे वर्षं मागे जातं. कोलंबसाच्या माणसांनी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून ‘बटाटा’ हा शब्द उचलला, आणि तो होता रताळ्याचा. पुढे अँडीजच्या डोंगरांत त्यांना दुसरंच कंद भेटलं, त्याचं केचुआ भाषेतलं नाव पापा. स्पेनमध्ये दोन्ही नावांची सरमिसळ होऊन पाताता झालं. इंग्रजीतला पोटॅटो हा शब्दही आधी रताळ्यासाठीच होता. १५९७ साली जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात दोन्ही कंदांना पोटॅटो म्हटलं आणि आज ज्याला आपण बटाटा म्हणतो त्याला ‘व्हर्जिनियाचा’ ठरवून टाकलं. ते कंद व्हर्जिनियाचं मुळीच नव्हतं. पोर्तुगीजांनी तोच शब्द आपल्या किनाऱ्यावर आणला आणि आज रताळ्याचं नाव वड्यात बसलंय. पोर्तो रिको किंवा अर्जेंटिनात बटाटा मागा, रताळंच मिळेल. आपल्याकडे उपवासाला दोन्ही चालतात, म्हणून निभावलं.

व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी असा घोळ घातला तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते या शब्दांपुढे ग्रॅम आणि कॅलरी लिहायची वेळ आली की. ती वेळ विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. १९४९ मध्ये मध्य अमेरिकेतले देश आणि पनामा यांनी मिळून ग्वातेमालात इन्काप ही पोषणसंस्था काढली. तिने अमेरिकी तज्ज्ञांबरोबर तयार केलेला लॅटिन अमेरिकेसाठीचा अन्नघटकांचा तक्ता १९६१ मध्ये आला. अशा तक्त्यात नुसतं फ्रिहोल, म्हणजे राजम्यासारखा सुका दाणा, एवढं लिहून भागत नाही. मेक्सिकोतला फ्रिहोल चिलीत पोरोतो होतो, व्हेनेझुएलात काराओता, पोर्तो रिकोत आबिचुएला. आणि कोलंबियात आबिचुएला म्हटलं तर समोर येते हिरवी शेंग, फरसबी. म्हणजे डाळीसारखं प्रथिन मोजायचं की भाजी, हे बोलणारा कुठला आहे त्यावर. शास्त्रीय लॅटिन नावही इथे अर्धवटच कामाला येतं, कारण सुका दाणा आणि कोवळी शेंग एकाच वेलीची.

अमेरिकेत १९५० मध्ये आहारतज्ज्ञांची संघटना, मधुमेह संघटना आणि सरकारी आरोग्यसेवा यांनी मिळून मधुमेहींसाठी अदलाबदलीच्या याद्या तयार केल्या. कल्पना सोपी: एका यादीतला एक वाटा त्याच यादीतल्या दुसऱ्या वाट्याशी बदलता येतो. पुढच्या आवृत्त्यांत पिष्टमय पदार्थाचा वाटा म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण ८० कॅलरी, फळाचा वाटा म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं आणि ६० कॅलरी, असा हिशेब बसला. केळं फळांच्या यादीत. प्लँटेन, म्हणजे शिजवून किंवा तळून खायचं ते केळं, पिष्टमय पदार्थांच्या यादीत. आपल्याकडचं राजेळी किंवा केरळचं नेंद्रन त्याच कुळातलं.

आता स्पॅनिशमधला प्लातानो कुठल्या यादीत टाकायचा? स्पेनमध्ये प्लातानो म्हणजे साधं केळं. मेक्सिकोतही तसंच, प्लँटेनला ते प्लातानो माचो म्हणतात, मर्दानी केळं! पोर्तो रिकोत मात्र प्लातानो म्हणजेच प्लँटेन आणि केळ्याला म्हणतात गिनेओ. व्हेनेझुएलात केळं कांबुर, कोलंबियात बानानो. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन आजीने काल काय खाल्लं म्हणून विचारल्यावर ‘एक प्लातानो’ सांगितलं आणि मेक्सिकन घरातली दुभाषी मुलगी ‘बनाना’ म्हणाली, तर कागदावर एक फळ चढतं. आजीने खाल्लेले असतात तोस्तोनेस: हिरव्या प्लँटेनच्या जाड चकत्या तळायच्या, बाहेर काढून चेपायच्या आणि पुन्हा तळायच्या. एका मोठ्या प्लँटेनमध्ये ५० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, शिवाय तेल वेगळं. भाषांतर व्याकरणाने निर्दोष, शब्दकोशालाही मान्य, आणि पथ्याची वाट लागलेली. माझ्या मते या क्षेत्रात अडखळणारं भाषांतर परवडतं, गुळगुळीत नाही. अडखळलं की माणूस थांबून विचारतो तरी.

बिआंदास हा शब्द तर भाषांतरकाराला खिंडीत गाठणारा. इंग्रजी शब्दकोश ‘व्हायंड्स’ सुचवतो, म्हणजे खाद्यपदार्थ, पक्वान्नं. अर्जेंटिनात बिआंदा म्हणजे सरळ डबा, ऑफिसला नेतात तो. क्युबा आणि पोर्तो रिकोत मात्र बिआंदास म्हणजे कंद आणि हिरवी केळी यांचा अख्खा गोतावळा: ज्याचा साबुदाणा होतो तो युका, अळूच्या जातकुळीतली याउतिया, कोनफळासारखा न्यामे, प्लातानो. इंग्रजी पत्रकात ‘स्टार्ची व्हेजिटेबल्स’ लिहिलं की त्यातला ‘व्हेजिटेबल्स’ वाचून रुग्ण खूश होतो, भाजीच आहे, खा पोटभर. उलट दिशेने कोलंबियातला डॉक्टर आरिनास कमी करा म्हणतो. आरिना म्हणजे पीठ, पण त्याच्या मनात भात, बटाटे, ब्रेड, प्लातानो सगळं असतं, जसं आपल्याकडे ‘भात-पोळी कमी करा’ म्हटलं की भाकरीही त्यात आली.

हे सगळे स्पॅनिश बोलणारे एकाच मोजपट्टीने मोजता येत नाहीत, हे अमेरिकी सरकारच्या पाहणीत १९८२ ते १९८४ मध्ये उघडपणे मान्य झालं. नैऋत्येकडचे मेक्सिकन वंशाचे, मायामी भागातले क्युबन आणि न्यूयॉर्क परिसरातले पोर्तो रिकन अशा तीन गटांची वेगवेगळी आरोग्य आणि पोषण तपासणी झाली. पुढे २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १६ हजारांहून अधिक लोकांना घेऊन मोठा अभ्यास उभा राहिला, त्यात डोमिनिकन, मध्य अमेरिकी आणि दक्षिण अमेरिकी लोकही आले. तिथेही चोवीस तासांत काय खाल्लं हे विचारलं जातंच, आणि उत्तर संगणकातल्या इंग्रजी नोंदीशी जुळवावं लागतं.

याच अडचणीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनात एक वेगळी वाट निघाली होती, तिचं पुढे नाव पडलं लँग्वाल. शब्दाला शब्द शोधायचाच नाही. पदार्थ कुठल्या वनस्पतीचा वा प्राण्याचा, त्याचा कुठला भाग, शिजवला कसा, टिकवला कसा, अशा प्रत्येक बाजूला एक संकेतांक द्यायचा. मग वर नाव कुठल्याही भाषेत लिहा. युरोपानेही ही पद्धत पुढे चालवली. संशोधकाचं काम झालं, पण संकेतांक कुणी जेवत नाही, दवाखान्यात शेवटी शब्दच बोलावा लागतो.

कधी कधी किंमत मोजावी लागते ती अख्ख्या समाजाला. तोर्तिया घ्या. स्पेनमध्ये तो अंड्या-बटाट्याचा जाड पोळा, मेक्सिकोत मक्याची भाकरी. एवढं आता बहुतेकांना माहीत असतं. ही भाकरी होते मासापासून (आपल्या माशाचा संबंध नाही): मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेलं पीठ. अमेरिकेत १९९८ पासून सत्त्वयुक्त गव्हाच्या पिठात, ब्रेडमध्ये फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं झालं, बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळण्यासाठी. मासाचं पीठ त्या व्याख्येत बसलं नाही. ज्या घरांत रोजची भाकरी मासाचीच, तिथल्या आयांपर्यंत ते कमीच पोचलं, आणि हे दोष लॅटिन वंशाच्या बाळांत जास्त राहिले. मासात ते घालायची परवानगी मिळाली २०१६ मध्ये, तीही ऐच्छिक. ‘फ्लोअर’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर मासा न येणाऱ्यांनी नियम लिहिला की असं होतं.

एका बाबतीत मात्र मराठी वाचकाला दुभाषी लागणार नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन रुग्णांवर एक वैद्यकीय लेख आला, विषय होता काल्येंते आणि फ्रिओ, उष्ण आणि थंड. इंग्रजीत ‘हॉट’ म्हटलं की गरम किंवा तिखट. पण इथला अर्थ आपण पपई उष्ण पडते म्हणतो तो. बाळंतीण चाळीस दिवस थंड पदार्थ टाळते, सर्दीत फळांचा रस नको म्हणते, आणि पत्रक म्हणतं भरपूर ज्यूस प्या. हे इंग्रजी आहारतज्ज्ञाला समजावायला लेख लिहावा लागला. आपल्याकडे आजीनेच समजावलं असतं.

१९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून लिस्टेरिया या जंतूची साथ आली. १४२ जण आजारी पडले, ४८ दगावले, त्यांत ३० गर्भ आणि नवजात बाळं. तेव्हापासून गरोदर बायकांसाठीच्या इंग्रजी सूचनांत केसो फ्रेस्को (केसो म्हणजे चीज) हे नाव बिनभाषांतराचं छापलं जातं, आणि ते योग्यच आहे. ‘फ्रेश चीज’ लिहिलं असतं तर ताजं म्हणजे चांगलंच, असं समजून कुणीही खाल्लं असतं. त्याच यादीत, केसो ब्लांको आणि केसो फ्रेस्कोच्या शेजारी, अनेकदा नुसतं लिहिलेलं असतं: पनेला. कोलंबियातल्या बोगोताहून आलेल्या बाईने ते वाचलं, तर ती गूळ सोडून देते आणि फ्रीजमधलं पांढरं चीज खात राहते. शब्दाआधी एक ‘केसो’ घातला की पुरे.