भ्रूण ट्रान्सफरचे कॅथेटर : मऊ आणि कडक

आयव्हीएफमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्यासाठी जी बारीक प्लास्टिकची नळी म्हणजेच कॅथेटर वापरले जाते, त्याचे मऊ आणि कडक असे दोन ठळक प्रकार आहेत. वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात. खरा फरक जाणवतो तो नळी गर्भाशयमुखातून आत जाताना.

वॉलेस किंवा कुक या ब्रँडच्या मऊ कॅथेटरमध्ये नळीच्या आत नळी असते. बाहेरची, जराशी ताठ नळी गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडापाशी थांबवतात आणि तिच्यातून अतिशय लवचिक अशी आतली नळी पुढे सरकवतात. ही आतली नळी पोकळीच्या वळणाप्रमाणे वळत असल्यामुळे अस्तराला सहसा इजा होत नाही. याउलट टॉमकॅटसारखे कडक कॅथेटर आपला आकार सोडत नाही. अरुंद किंवा वाकड्या मुखातून ते अधिक सहजपणे पुढे जाते, मात्र त्याच ताठपणामुळे अस्तर ओरखडण्याची, रक्त येण्याची आणि टोक गर्भाशयाच्या माथ्याला टेकण्याची भीती वाढते. माथ्याला धक्का लागला की गर्भाशयाचे आकुंचन वाढते आणि भ्रूण जागेवरून सरकू शकतो; म्हणूनच तो माथ्यापासून 1 सेंटिमीटरहून अधिक अंतर राखून, पोकळीच्या वरच्या किंवा मधल्या भागात सोडतात.

अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिननेही 2017 च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, गर्भधारणेचे प्रमाण वाढावे यासाठी मऊ कॅथेटरच वापरावे, अशी शिफारस केली आहे. त्यामुळे केवळ काम लवकर उरकते म्हणून कडक नळीने सुरुवात करणे मला अजिबात पटत नाही. मऊ नळी अडलीच, तर आधी करून पाहण्यासारखे बरेच असते : मूत्राशय भरलेले असल्यास पुढे झुकलेले गर्भाशय थोडे सरळ होते, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत नळीची दिशा दिसते, आणि बाहेरची नळी आधी नीट बसवून मगच भ्रूण भरलेली आतली नळी घालता येते. एवढे करूनही वाट मिळाली नाही, तर कडक कॅथेटरला पर्याय उरत नाही आणि तेव्हा ते वापरणे योग्यच आहे. अशी अडचण येणार का, याचा अंदाज भ्रूणाशिवाय केलेल्या मॉक ट्रान्सफरमध्ये बराचसा येतो, तेव्हा रुग्णाने त्याबद्दल आधीच जरूर विचारावे.

सोनोग्राफीत चमकणाऱ्या टोकाचे कॅथेटर म्हणजे मऊ कॅथेटर, असाही समज आढळतो. ती चमक टोक पडद्यावर स्पष्ट दिसावे यासाठी असते, नळीच्या मऊपणाशी तिचा संबंध नाही.

नळी कोणतीही असो, बाहेर काढल्यावर एम्ब्रियोलॉजिस्ट (प्रयोगशाळेतील भ्रूणतज्ज्ञ) ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण श्लेष्म्यात किंवा रक्तात अडकून भ्रूण तिच्यासोबत परत आलेला असू शकतो. तसे झाल्यास तो पुन्हा भरून लगेच ट्रान्सफर केला जातो.