गौचरचं सलाईन हा 'कोर्स' नव्हे

"वर्षभर एन्झाइमचं सलाईन घेतलं की गौचर (खरा उच्चार 'गोशे') मुळापासून जातो," हे वाक्य अजून फिरतंय. गौचर म्हणजे चरबी फोडणारं एन्झाइम कमी पडून ती पेशींत साचत जाण्याचा आनुवंशिक आजार. त्याचं मूळ जनुकात आहे आणि औषध तिथे हातच लावत नाही. ते पेशींत साचलेली चरबी फोडतं, मग स्वतःही संपतं. म्हणून दर दोन आठवड्यांनी पुन्हा शिरेतून, तास-दोन तास थेंबथेंब. गोळी नाही, कारण एन्झाइम हे प्रथिन. पोटातच पचून जाईल. १९९१ मध्ये पहिलं औषध आलं, ते तर बाळंतपणातल्या वारेतून काढत!

गैरसमज का टिकला, तेही कळतं. बरगडीखाली हाताला लागणारी प्लीहा आक्रसते, हिमोग्लोबिन चढतं, माणूस तरतरीत दिसतो. सलाईन थांबलं की चरबी पुन्हा साचू लागते.