स्विम, स्वॅम, स्वम : अनियमित क्रियापदांमागचा जुना नियम

शाळेच्या इंग्रजी व्याकरणात क्रियापदांच्या तीन रूपांचा एक लांबलचक तक्ता असतो आणि तो घोकण्याखेरीज गत्यंतर नाही, असे आपल्याला सांगितले जाते. 'वॉक'ला प्रत्यय लावून 'वॉक्ड' होते, पण 'स्विम'चे 'स्वॅम' का व्हावे याला काही नियमच नाही, ही समजूत त्यामुळे पक्की होते. वस्तुतः ही रूपे नियम मोडून झालेली नाहीत. ज्या नियमाने ती झाली, तो 'वॉक्ड'मधल्या प्रत्ययापेक्षा कितीतरी जुना आहे.

'ड्रिंक–ड्रॅंक–ड्रंक', 'सिंग–सॅंग–संग', 'बिगिन–बिगॅन–बिगन' ही रूपे सावकाश उच्चारून पाहावीत. व्यंजने जागच्या जागी राहतात आणि फक्त आतला स्वर पालटतो. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेल्या याकोब ग्रिमने या स्वरपालटासाठी 'आब्लाउट' ही संज्ञा रूढ केली. त्याचे मूळ हजारो वर्षांपूर्वीच्या आद्य इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेत, आहे. तिथे वर्तमानाच्या रूपात धातूमध्ये 'ए' हा स्वर असे, पूर्ण झालेल्या क्रियेच्या रूपात 'ओ' येई आणि धातुसाधित विशेषणात (तिसरे रूप यातूनच आले) आघात, म्हणजे उच्चारातला जोर, प्रत्ययावर गेल्यामुळे धातूतला स्वर पार गळून पडे. पुढे इंग्रजी जिच्यात मोडते त्या जर्मानिक शाखेत नासिक्य (नाकातून उच्चारल्या जाणाऱ्या 'न', 'म' अशा) व्यंजनापूर्वीच्या 'ए'चा 'इ' झाला, 'ओ'चा 'अ' झाला, आणि स्वर गमावून उघड्या पडलेल्या 'न' किंवा 'म'ला आधार म्हणून 'उ' आला. तिसऱ्या रूपाच्या स्पेलिंगमध्ये आजही जो 'यू' दिसतो, तो हाच.

हीच घडामोड आपल्या 'बद्ध' या शब्दात झालेली आहे. 'बन्ध्' या धातूतला 'न' 'बद्ध'मध्ये का दिसत नाही? वैदिक उच्चारात आघात शेवटच्या अक्षरावर होता, म्हणून धातूचा स्वर गळाला आणि उरलेल्या 'न'चा संस्कृतात 'अ' झाला. इंग्रजीतले 'बाइंड–बाउंड' याच धातूचे असून, तिथे त्याच 'न'चा 'उन' झाला.

अशी साम्ये दाखवून इंग्रजी संस्कृतातूनच निघाली, असे अभिमानाने सांगणारे संदेश नेहमी फिरत असतात. ते खरे असू शकत नाही आणि त्याचा पुरावा याच क्रियापदांत आहे. संस्कृतात जुने 'ए' आणि 'ओ' हे दोन्ही स्वर 'अ'मध्ये मिसळून गेले, तर 'सिंग' आणि 'सॅंग' यांच्यातला फरक नेमका त्या दोन स्वरांच्या भेदावर उभा आहे. जो भेद संस्कृतात उरलाच नाही, तो इंग्रजीला तिथून मिळणार कसा? या दोन भाषा मायलेकी नव्हेत; एकाच घराण्यातल्या दोन शाखांच्या त्या वारसदार आहेत.

मग काही जुनी रूपे टिकली आणि काही का गेली? 2007 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या संशोधकांच्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली होती. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी 145 अनियमित उरली आणि आज 98 आहेत. 'हेल्प'चे 'होल्प' जाऊन 'हेल्प्ड' झाले, ते या गळतीतलेच. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. अर्थात हे गणित सरासरीचे आहे, त्यावरून एकेका शब्दाचे भविष्य वर्तवू नये. अमेरिकेत 'स्नीक' (चोरपावलांनी जाणे) या क्रियापदाचे 'स्नीक्ड' हे नियमित रूप असताना 'स्नक' हे अनियमित रूप नव्याने रुजलेच.

सतत कानावर पडणारे रूप मात्र कितीही विसंगत असले तरी टिकते. 'गो'चा भूतकाळ 'वेंट' हा मुळात 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचा. मराठीतही 'जाणे' हे संस्कृत 'या' धातूपासून आले आणि 'गेला' हे 'गम्'च्या 'गत'पासून. तरीही मराठी मूल ते तक्ता न घोकता बोलू लागते. आणि तोच 'गम्' धातू इंग्रजीत 'येणे' या अर्थाच्या 'कम'मध्ये आहे.